बाहत्तर डिग्रीला कोण बंद पडतं?

सोमवार, ३ एप्रिल

आणि वर तो कॉम्प्युटरवाला मलाच विचारतो, "घरात हवा खेळती आहे का?" अरे, विकलंस काय आणि विचारतोस काय! "सगळ्यात वरचा प्रोसेसर घ्या साहेब, ताईंना दहा वर्षं बघायला नको" – घेतला. माझा दीड वर्षाचा ओव्हरटाइम गेला त्यात. आणि त्याच्या डोक्यावर पंखा बसवलास कुठला? तळहाताएवढा! खेळण्यातला! मागच्या महिन्यातही याच्यावरून भांडलो, त्याच्या आधीही भांडलो. आज जेवणाची सुट्टी त्याच्यावरच गेली. दुकानदार म्हणतो, "सोबत जो येतो तो बसवला." साहेब म्हणायचं आणि खिसा कापायचा.

तिकडे घरी बहिणीचं, बारकीचं मशीन काल परत बंद पडलं. तिला आर्किटेक्ट मॅडमनी शाळेच्या इमारतीची फिल्म करायला दिलीय. इमारत अजून बांधलेलीच नाही, पण फिल्ममध्ये दारातून आत शिरायचं, जिना चढायचा, वर्ग बघायचे, खिडकीतून ऊन पडलेलं दिसायचं. त्यातलं एकेक चित्र मशीन स्वतः काढतं. तासन्‌तास बैलासारखं राबतं. आणि राबलं की तापतं, आणि तापलं की बंद!

पंचवीस तारखेला फिल्म द्यायची. दिली तर मॅडम कायमचं काम देणार, पगारावर. नाही दिली तर दुसरी मुलगी तयार आहे. बारकीनं हे एवढ्या हळू आवाजात सांगितलं की मला जास्तच राग आला.

मंगळवार, ४ एप्रिल

आज पण. बारकी फोनवर तापमानाचे आकडे वाचत होती, लिलाव चालल्यासारखी. "ब्याण्णव... सत्त्याण्णव... दादा, शंभर –" गेलं.

गुरुवार, ६ एप्रिल

दुकानदाराचा नवा शोध – प्रोसेसरवर पंख्याऐवजी पाण्याचा कूलर घ्या. पाइपातून पाणी फिरतं, पंप असतो, किंमत दुप्पट. मग पहिल्यांदा का नाही बोललास रे?

खोलीतल्या घुबडाला विचारलं. रात्रपाळी आणि जाड चष्मा, दुसरं काय नाव ठेवणार त्याला! ऑनलाइन सामानाच्या गोदामात पॅकिंग करतो. कॉम्प्युटरचे भाग त्याच्या हाताखालून जातात आणि सुट्टीच्या दिवशी गेम खेळतो, त्यामुळे त्याला यातलं कळतं. म्हणजे कळतं असं तो समजतो.

"पाण्याचा पंप बंद पडला तर तुझी बहीण काय करणार?" त्यानं विचारलं.

"दुकानदाराला बोलवेल."

"त्याच दुकानदाराला?"

मग तोच पुढे म्हणाला –

"हवेचा घे. त्यात बिघडण्यासारखं आहे काय? तांब्याच्या नळ्या, पत्र्याच्या पात्या आणि पंखा. नळ्या गरमी वर ओढतात, पात्या ती पसरतात, पंखा उडवतो. पंखा गेला तर दुसरा अडकव. नळ्या काय संपावर जाणारेत?"

पत्रा म्हटल्यावर बरं वाटलं. दिवसभर तोच कापतो, वाकवतो, रिव्हेट मारतो. मोठमोठ्या ऑफिसांच्या एसीचे डक्ट, त्या हवेच्या लांब पत्र्याच्या पेट्या, आमच्या शेडमधून जातात. सगळ्या जगाला गार हवा आम्ही पोचवायची, आणि आम्हाला शेडमध्ये एक टेबलफॅन – तो पण मिस्त्रीच्या तोंडाकडे वळवलेला!

हवेचाच घेणार. ठरलं.

शुक्रवार, ७ एप्रिल

अण्णा म्हणाले म्हणे, "वीक ते डबडं, आहेत तेवढे पैसे तरी सुटतील." मला नाही म्हणाले, बारकीला म्हणाले. मी घर सोडून निघालो त्या दिवसापासून आमचं बापलेकांचं बोलणं नाही. "तुझ्या हातून काही व्हायचं नाही," हे त्यांचं शेवटचं. माझं शेवटचं मी इथं लिहीत नाही. आई गेली त्याच वर्षी. आता दोन वर्षं होतील.

तर वीक म्हणे! त्यांचं काय जातंय? घाम माझा, डोळे बारकीचे. त्यांनी नुसतं खुर्चीत बसायचं आणि भाव करायचा!

रविवार, ९ एप्रिल

सुट्टी. सगळी कूलरमध्ये गेली, आणि शेवटी भांडणात.

घुबडानं तीन दाखवले. एक – पात्यांचा एकच मनोरा, चार नळ्या, एक पंखा. स्वस्त. पण म्हणाला, "गेमला ठीक. तुझ्या बहिणीचं मशीन दहा-दहा तास पूर्ण ताकदीनं पळणार, याला दम लागेल." दुसरा – दोन मनोरे, सहा नळ्या, पंखे दोन, पण बुटका. उंची एकशे सत्तावन्न मिलिमीटर. तिसरा तसाच, पण उंच. एकशे अडुसष्ट. काय दिसतो! कुणाच्या तरी बापाची फॅक्टरी वाटते! गोदामात गिऱ्हाइकानं परत पाठवलेला एक पडलाय, न वापरलेला, खोका फाटलेला. बुटक्यापेक्षा चांगलाच स्वस्त मिळेल.

"बुटका घे," घुबड म्हणाला. "किंवा मग आधी मोजून घे. कॅबिनेटची बाजूची काच लागली पाहिजे."

बारकीला फोन लावला.

"प्रोसेसरच्या माथ्यापासून काचेपर्यंत एकशे साठ भरतंय, दादा. दोनदा मोजलं."

"कॅबिनेटची बाहेरून रुंदी किती?"

"दोनशे वीस."

"मग दोन्हीकडचे पत्रे गेले, बोर्ड गेला, प्रोसेसर गेला – धर वीस. दोनशे उरले! तू एकशे साठ कुठून आणलेस?"

"मोजून आणले."

"तुझी पट्टी मोडकी असेल. अगं, मी दिवसाला शंभर पेट्या मोजतो! बाहेरून माप घ्यायचं, पत्रा वजा करायचा –"

"दादा, ही तुझी पेटी नाहीये."

फोन ठेवला तिनं! मला! आठवीत शाळा सोडली म्हणून मला वजाबाकी पण येत नाही काय?

सोमवार, १० एप्रिल

उंचच घेतला. घुबडानं स्वतः बांधून पाठवला, खोक्याला खोका लावून. जाताना एवढंच म्हणाला, "मी सांगितलं होतं हे लक्षात ठेव." ठेवतो!

बुधवार, १२ एप्रिल

मिस्त्रीनं सगळ्यांसमोर आवाज चढवला. कोपऱ्याचा तुकडा उलटा वाकवला गेला माझ्याकडून. डोकं दुसरीकडे होतं, मान्य. पण "पत्रा काय तुझ्या सासऱ्याचा आहे?" म्हणे! ज्याचं लग्न नाही त्याचा सासरा कुठून काढतो हा माणूस? पोरं हसली. मी पण हसलो असतो, पण तेव्हा हातात कात्री होती.

शनिवार, १५ एप्रिल

पोचला. बारकीनं व्हिडिओ कॉल लावला, फोन पुस्तकांना टेकवून ठेवला. जुना पंखा काढला, गरमी वर नेणारी जुनी पेस्ट पुसली, नवी लावली – वाटाण्याएवढी, मधोमध.

"तळाला चिकटवलेलं प्लास्टिक काढलंस?"

"काढलं. मी काय लहान आहे?"

"आधी एका बाजूचा स्क्रू थोडा, मग समोरचा थोडा. एकदम एकच नको आवळू."

"माहितेय रे!"

बसला. मशीनच्या पोटात राजवाडा बसावा तसा बसला. मागून अण्णा दोनदा गेले. कॅमेऱ्यात फक्त पाय दिसले. दुसऱ्यांदा पाय थोडे थांबले, मग गेले.

मग बारकीनं काच लावायला घेतली आणि तिचे हात थांबले. काच लागेना. वरून दोन्ही मनोऱ्यांची टोकं बाहेर. आठ मिलिमीटर.

ती काही बोलली नाही. एक अक्षर नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मी तिच्यावर ओरडलो तरी असतो.

मग मी तिला कॅबिनेटची मागची बाजू उघडायला लावली. तर काय? बोर्डाच्या मागे जवळजवळ दोन बोटं पोकळी! वायरी न्यायला सोडतात म्हणे. मला काय स्वप्न पडणार? आमच्याकडे डक्टमध्ये पोकळी सोडली तर मिस्त्री पगार कापतो. पत्र्याला पत्रा भिडलाच पाहिजे. मी बाहेरून मापलं, पत्रा वजा केला, बोर्ड वजा केला. पोकळी वजा कोण करतं!

पोकळी वजा करायला पाहिजे होती.

रविवार, १६ एप्रिल

बारकीचं डोकं बघा. काच काढून दाराच्या मागे ठेवून दिली. "उघडंच चालवते. नाहीतरी हवाच पाहिजे ना त्याला?" चार तास चालवलं. बाहत्तर! चार तासांत बाहत्तरच्या वर आकडा सरकला नाही! मी तिला तीनदा वाचायला लावला.

"धूळ जाईल आत," मी म्हटलं.

"पुसेन. कौतुक कर की जरा, दादा."

कशाचं? माझ्या चुकीचं? पण आज जेवण गेलं दोन घास जास्त.

मंगळवार, १८ एप्रिल

बंद पडलं!!

दुपारी. बारकी म्हणते, "बंद पडलं रे." तापमान किती होतं? "बाहत्तरच." मग? "माहीत नाही." माहीत नाही कसं! सकाळपासूनचं काम गेलं. ती चित्रं वेगवेगळी साठवते म्हणून सगळं नाही गेलं, पण संध्याकाळपर्यंत मशीन सुरूच झालं नाही म्हणे. सात दिवस राहिलेत!

माझ्या तळपायाची आग मस्तकात. घुबड नुकताच उठून दात घासत होता. त्याच्यावर गेलो. "फाटक्या खोक्यातला माल गळ्यात मारलास! कुणीतरी परत केला म्हणजे खराबच असणार! आपल्या माणसाला असं करतोस?"

त्यानं ब्रश काढला, थुंकला, चष्मा लावला. म्हणाला, "बाहत्तर डिग्रीला कोण बंद पडतं रे? शंभरपर्यंत दम धरणारी जात आहे ती. कूलर खराब असता तर आकडा चढला असता." आणि मग, "आणि आपल्या माणसाला म्हणालास ना? मग आपल्या माणसाशी असं बोलतात?"

कामावर गेला. डबा न घेता गेला.

बुधवार, १९ एप्रिल

परत. दुपारी. दुकानदार म्हणतो, पॉवर सप्लाय बदला. त्याला पहिल्यापासून सगळं बदलायचंच आहे. मी म्हटलं, तुलाच बदलतो!

गुरुवार, २० एप्रिल

घुबड माझ्याशी बोलत नाहीये. पण आज कामावर जायच्या आधी भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मशीन बंद पडतं तेव्हा छताचा पंखा चालू राहतो का? एवढंच विचार तिला. मग दे शिव्या."

विचारलं.

तर बारकी फिल्मचंच सांगायला लागली.

"अगं, पंखा चालू असतो का?"

"नाही."

"म्हणजे लाइट जाते! मग बोलली का नाहीस? शेजारी पण जाते?"

"शेजारी असते."

"म्हणजे?"

मग एवढ्या बारीक आवाजात – "अण्णा मेन स्विच खाली करतात."

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मंगळवारीच तिनं त्यांना बघितलं, स्टूलवर चढून स्विच पाडताना. संध्याकाळी स्वतःच वर करतात. विचारलं की म्हणतात, "लाइट गेली होती."

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलो. शेडमधल्या पोरांनी वळून बघितलं.

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? दोन वर्षांनी त्यांच्याशी एक शब्द बोलला असतास, आणि तोही शिवीचा."

शुक्रवार, २१ एप्रिल

सकाळपासून चार पत्रे वाया घालवले. मिस्त्री आला, तोंड बघून लांबूनच गेला.

दुपारी लावला फोन. म्हटलं, दे त्यांना. बारकीनं फोन स्पीकरवर टाकला. पण त्यांनी घेतला तर शपथ! दोन वर्षं आमचे निरोप असेच जातात, मधे बारकीला उभी करून.

"विचार त्यांना, पोरीचं काम बुडवून काय मिळतं!"

लांबून अण्णांचा आवाज आला. केवढा म्हातारा झालाय आवाज. "सांग त्याला, घर तापतं."

"सांग त्यांना, आता बाहत्तर आहे!"

"सांग त्याला, बिल येतं."

"सांग त्यांना, बिल मी भरतो!"

मला वाटलं फोन कट झाला. मग अण्णा बोलले, ते मला सांगत होते की तिला की कुणालाच नाही, कळलं नाही. "दिवसभर कानात ती बोंडं घालून बसते. हाक मारली तरी ओ नाही. आई होती तेव्हा घरात आवाज तरी होता. ते बंद पडलं की ही उठते. चहा टाकते. समोर बसते. 'लाइट कधी येईल' म्हणून तरी विचारते."

"म्हणून मेन स्विच पाडायचा?" मी थेट त्यांनाच बोललो. लक्षातच आलं नाही.

"मग काय करू? भिंतीशी बोलू?"

मीच फोन ठेवला. रागानं नाही. म्हणजे रागानंच. पण नक्की कुणावरच्या ते सांगता येईना. म्हाताऱ्यानं नीट राग करायला पण जागा ठेवली नाही!

शनिवार, २२ एप्रिल

घुबडाची ताटली मी धुतली, डबा पण भरून ठेवला. त्यानं बघितलं. "मीठ टाकलंयस का?" म्हणाला. टाकलं होतं.

रविवार, २३ एप्रिल

बारकीनं कुणाला न विचारता मॅडमना फोन केला. लाइटचा त्रास आहे एवढंच सांगितलं, अण्णांचं नाव काढलं नाही. मॅडम म्हणाल्या, "आधीच का नाही बोललीस? ऑफिसात टेबल रिकामं आहे, घेऊन ये मशीन."

मी इकडून ओरडतोय – उभं नेऊ नकोस! दीड किलोचा मनोरा बोर्डाला लटकतोय, गाडीनं एक गचका दिला की बोर्ड मोडलाच समज! एक तर कूलर काढून ने, नाहीतर कॅबिनेट आडवं कर, मनोरा वर आकाशाकडे राहील असं. तिनं आडवं केलं. खाली गादी घातली.

जिन्यातून उतरवायला दुसरं कोण होतं? अण्णा. एका बाजूनं त्यांनी धरलं, एका बाजूनं तिनं. प्रत्येक पायरीला म्हणत होते म्हणे, "हळू. डोकं जड आहे त्याचं."

आता हळू! स्टूलवर चढताना कुठे गेलं होतं हळू? असं मी बारकीला म्हटलं. ती म्हणाली, "गाडी वळेपर्यंत दारात उभे होते, दादा."

सोमवार, २४ एप्रिल

सदुसष्ट! ऑफिसात एसी आहे. कुणाच्या तरी हातचा डक्ट असणार तिकडे.

मंगळवार, २५ एप्रिल

दिली! दुपारी दिली. मॅडमनी फिल्म दोनदा बघितली. जिन्यावरच्या उन्हापाशी थांबवून म्हणाल्या, "हे तुला कुणी शिकवलं?" बारकी म्हणाली, "कुणी नाही, आमच्या जिन्यात असंच पडतं." एक तारखेपासून कायम. पगारावर. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, मशीन तिथंच राहणार. आणि ऑफिसातले सगळे विचारतात म्हणे, हा एवढा मोठा कूलर कुठून आणला? काच का नाही? तिनं काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

घुबडाला सांगितलं तर म्हणतो, "तरी बुटकाच घ्यायला पाहिजे होता." एवढा हसला की चष्मा पडला त्याचा.

गुरुवार, २७ एप्रिल

बारकी आज गडबडीत होती. जाता जाता म्हणाली, "आता अण्णा दिवसभर एकटेच. डबा झाकून ठेवते, पण परत आले की तसाच असतो." मशीनच्या जागी ते खुर्ची घेऊन बसतात. टीव्ही लावत नाहीत. मेन स्विचकडे बघत पण नाहीत.

मी म्हटलं, फोन करत जा दुपारी. तर म्हणाली, "कशावर? त्यांचा फोन कधीचा बंद आहे. पैसेच टाकले नाहीत त्यात. म्हणतात, मला कोण करणार?"

मग मी काय करू? मी काय केलं? "तुझ्या हातून काही व्हायचं नाही" कोण म्हणालं होतं? मी गेलो की त्यांनी घालवला? हे सगळं मी पानावर विचारतोय, आणि पान काय उत्तर देणार? चुलीत जाऊ दे. झोपतो.

शनिवार, २९ एप्रिल

बारकी म्हणते, या महिन्यापासून घरी पैसे पाठवू नकोस, मी बघते. ठीक. तिला नाही पाठवत. पण भिंतीशी बोलायचं नाही म्हणावं. दुपारी एक ते दीड माझी सुट्टी असते. शिव्या द्यायच्या तर द्या, पण मधे बारकी नको, थेट मला द्या. अण्णांच्या फोनमध्ये टाकतोय – तीनशे.